वडिलांच्या ‘ओके’चा फेरविचार होण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य संपादक तथा आस्थापना अधिकारी,
इंग्रजी–मराठी शब्दकोश कार्यालय.

अर्जदार : सहायक, दुसरा मजला, ‘सेट’ या शब्दाचे टेबल.

विषय : अर्जदाराच्या वडिलांनी कल्याण निरीक्षकांसमोर उच्चारलेला ‘ओके’ हा त्यांची प्रकृती ठीक असल्याचा पुरावा न मानता, अर्जदारास ‘सेट’ या शब्दातून तातडीने मुक्त करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) त्या सर्वांवरील आपले ‘विचार करता येत नाही’ हे उत्तर.
३) कल्याण निरीक्षकांचा गृहभेट अहवाल.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचा मागील अर्ज ‘पूर्वपीठिका दिलेली नाही’ असा शेरा मारून परत करण्यात आला होता. म्हणून आपणास तोंडपाठ असलेल्या गोष्टीही येथे पुन्हा लिहाव्या लागत आहेत. राग नसावा.

२. आपल्या कार्यालयात शब्द वाटून दिले जातात. ज्याला जो शब्द मिळाला तो त्याच्या ‘अंगावर’, असे येथे म्हणण्याची पद्धत आहे. शब्दाचा प्रत्येक अर्थ वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या अर्थनिश्चिती समितीपुढे मांडायच्या, आणि समितीने शेवटची चिठ्ठी मंजूर केली की सहायकाने आपली खुर्ची उचलून टेबलावर उलटी ठेवायची. मग सगळे टाळ्या वाजवतात आणि शब्द सुटतो. खुर्ची उलटी झाल्याखेरीज त्या सहायकाची बदली, दीर्घ रजा किंवा कामाची अदलाबदल विचारात घेतली जात नाही. हा नियम उगाच झालेला नाही, हे अर्जदार प्रांजळपणे मान्य करतो. पहिल्या आवृत्तीच्या वेळी ‘वॉटर’ हा शब्द दोन सहायकांत विभागून दिला होता. दोघेही कष्टाळू. भरतीचे पाणी, हिऱ्याचे पाणी, डोळ्यांतले पाणी, झाडांना पाणी घालणे, सगळे त्यांनी कसून शोधले. साधे प्यायचे पाणी मात्र दुसऱ्याने लिहिले असेल असे प्रत्येकजण धरून चालला, आणि कोश त्याच्याविना छापून आला. वाचकांची पत्रे आली तेव्हा कार्यालयाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तेव्हापासून एक शब्द, एक माणूस.

३. अर्जदार रुजू झाला त्या सकाळी त्यास टोपलीतून चिठ्ठी उचलायला सांगण्यात आले. त्याच दिवशी रुजू झालेल्या सहकाऱ्याला ‘झेब्रा’ आला. प्राणी लिहून झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, रस्त्यावरचे पट्टे दिसले, तेही लिहिले, आणि पुढच्याच बैठकीत खुर्ची उलटी करून ते आपल्या गावच्या शाखेत बदलून गेले. अजून अधूनमधून खुशालीचे पत्र पाठवतात. अर्जदारास ‘सेट’ आला. चिठ्ठी वाचून वरिष्ठ सहायिका, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्यांनी अर्जदाराच्या पाठीवरून हात फिरवला. तो का फिरवला हे त्या दिवशी कळले नव्हते.

४. ‘सेट’ हा शब्द दिसायला चिमूटभर आहे. कपबशांचा सेट एवढे लिहून संध्याकाळी मोकळे होऊ, असे अर्जदारास वाटले होते. मग टेनिसचा आला. पाठोपाठ नाटकाचा आला. गणिताच्या शिक्षकांनी त्यांचा संच पाठवला. सूर्य मावळतो तोही सेट, सिमेंट आवळते तेही सेट, मोडलेले हाड जागेवर बसवतात तेही सेट. अंगठीत खडा बसवणे, गजर लावणे, प्रश्नपत्रिका काढणे, टेबल मांडणे, फुलाचे फळ धरणे, काही म्हणता काही सुटलेले नाही. अर्जदार केस कापायला बसला की न्हावी विचारतो, “साहेब, सेट करून देऊ?” आणि अर्जदाराचा हात खिशातल्या कोऱ्या चिठ्ठीकडे जातो. इमारतीत अर्जदारास कोणी नावाने हाक मारत नाही. जिन्यात भेटलेला प्रत्येकजण “काय सेटभाऊ, हा घेतला का?” असे म्हणून एक नवा अर्थ गळ्यात मारतो आणि परोपकार केल्याच्या आनंदात वर निघून जातो. शिवाय हा शब्द एकीकडे सापळा लावण्यासाठी वापरतात आणि दुसरीकडे बंदिवानाला सोडून देण्यासाठी. समितीने पहिला अर्थ एकमताने मंजूर केला. दुसरा पुढील बैठकीवर ठेवण्यात आला आहे.

५. समितीविषयी अर्जदारास आदर आहे. तीवर एक दंतवैद्य, एक निवृत्त क्रीडाशिक्षक, एक बांधकाम कंत्राटदार आणि अध्यक्षा बाई आहेत, आणि आपापल्या धंद्यातला एखादा तरी अर्थ आणल्याशिवाय यांपैकी कोणी बैठकीला येत नाही. कवळी जबड्यात नीट बसणे हा अर्थ दंतवैद्यांनी स्वतःची कवळी काढून पटवून दिला. मागच्या एका बैठकीत मात्र सगळ्या चिठ्ठ्या संपल्या. अध्यक्षा बाईंनी पेनाचे टोपण लावले. मावशी दारात येऊन टाळ्या वाजवायच्या तयारीत उभ्या राहिल्या. अर्जदाराने खुर्चीच्या पाठीला हात घातला, तेवढ्यात गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणारा माळी खिडकीतून म्हणाला, “कांद्याच्या बारक्या गड्ड्या लावायला आणतो ना आम्ही, त्यांनाही सेटच म्हणतात की.” समितीने माळ्याचे अभिनंदन केले. कंत्राटदार म्हणाले, हे राहिले म्हणजे आणखीही राहिले असणार. अर्जदाराचा त्या माळ्यावर राग नाही. होता, आता नाही.

६. इथपर्यंतचे सगळे नशिबाचे भोग म्हणून अर्जदाराने सोसले असते. परंतु आता घरचे सांगणे भाग आहे. अर्जदाराचे आईवडील दूरच्या गावी राहतात. त्यांना इकडे का आणत नाही, असे आपण मागे विचारले होते. अर्जदाराची खोली तिसऱ्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे आणि वडिलांची चाकांची खुर्ची पहिल्याच वळणावर अडते. हे करून पाहिलेले आहे.

अर्जदाराचे वडील कारखान्यात सुटे भाग तपासायचे. भाग हातात घ्यायचा, नखाने वाजवायचा, कानाशी धरायचा आणि ‘ओके’ म्हणून पुढे सरकवायचा. उभी नोकरी या एका शब्दावर झाली. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा बाकीची सगळी भाषा गेली आणि हा शब्द तेवढा मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, असे होते, सवयीचा एखादा शब्द टिकतो. आईचे नाव गेले, अर्जदाराचे नाव गेले, शिव्यासुद्धा गेल्या, ज्या त्यांना फार चांगल्या येत असत. आता तहान लागली तरी ओके, पाठ दुखली तरी ओके, खिडकी लाव म्हणायचे तरी ओके. समोरचे माणूस हसून निघून जाते आणि वडील दाराकडे बघत राहतात. आतून सगळे कळते त्यांना. फक्त बाहेर काढता येत नाही.

७. हे समजणारे माणूस जगात एकच आहे, ते म्हणजे अर्जदाराची आई. ती पाठमोरी असली तरी तिला चुकत नाही. गेल्या सुट्टीत तिने अर्जदाराला शिकवायला घेतले होते. “लांबवला की पाठ. तुटका आला की पाणी. नाकातून आला की नाही म्हणतात, मग जबरदस्ती करायची नाही. आणि लागोपाठ दोनदा म्हणाले ना, की लाज वाटण्यासारखं काहीतरी झालंय. सगळ्यांना बाहेर पाठवायचं आणि मुकाट्यानं चादर बदलायची, काही बोलायचं नाही.” अर्जदाराला एवढेच शिकता आले, कारण सुट्टी संपली. आई म्हणाली अजून पुष्कळ आहेत. त्यांतले काही तिलाही सांगता येत नाहीत, नुसते कळतात.

आता आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. ती रुग्णालयात असेल तोवर वडिलांजवळ कोण, हा प्रश्न आहे. शेजारच्या काकू जीव लावणाऱ्या आहेत, पण मागे आई तपासणीला गेली असताना त्यांनी वडिलांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. “जास्त गरम नाही ना?” त्यांनी विचारले. वडील ओके म्हणाले. “राहू दे ना मग?” तेव्हा ओके, ओके, ओके. काकू समाधानाने स्वयंपाकाला गेल्या. आई परत आली तेव्हा पायाला फोड आले होते आणि वडील ओरडत होते, आणि ओरडत होते ते ओकेच. काकू त्यानंतर कितीतरी दिवस रडत होत्या. त्यांची काहीही चूक नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते, आणि अर्जदारानेही.

आई फोनवर म्हणते, “पोटातलं ओके वेगळं नि ओठावरचं वेगळं. फोनवर नाही रे शिकवता येत. मी आत जायच्या आधी येऊन शिकून घे.”

८. वरील कारणास्तव अर्जदाराने दीर्घ रजेचा अर्ज केला असता, खातरजमा करण्यासाठी आपण कल्याण निरीक्षकांना अर्जदाराच्या घरी पाठवले. आपल्या या तत्परतेबद्दल अर्जदार ऋणी आहे. निरीक्षक गेले तेव्हा आई औषधांच्या दुकानात गेली होती. निरीक्षकांनी वडिलांची भेट घेऊन विचारपूस केली आणि अहवाल दिला, तो असा : “अर्जदाराच्या वडिलांनी प्रत्येक प्रश्नास सुस्पष्ट व सुसंगत उत्तर दिले. प्रकृती कशी आहे, यावर ओके म्हणाले. पत्नी रुग्णालयात गेल्यास अडचण नाही ना, यावर ओके म्हणाले. मुलाने नोकरीच्या जागीच राहावे ना, असे विचारता त्यांनी दोनदा ठामपणे होकार दिला.”

महोदय, दोनदा. त्या दोनदाचा अर्थ अर्जदाराने वर लिहिलेला आहे. एका म्हाताऱ्या माणसावर परक्या पाहुण्यासमोर बसल्या जागी नको तो प्रसंग आला आणि तो त्याला म्हणत होता, कृपा करून बाहेर जा. निरीक्षकांनी ते उतरवून घेतले, खाली सही घेतली (डाव्या हाताचा अंगठा) आणि त्यावर कार्यालयाचा शिक्का बसला. आई परत आली तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत, ओकेसुद्धा नाही.

९. अर्जदाराने याविरुद्ध दाद मागितली. आपले उत्तर आले की, याच कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या कोशात ‘ओके’चा अर्थ ‘ठीक, मान्य’ एवढाच असून कार्यालयास स्वतःच्या कोशाविरुद्ध जाता येत नाही, अन्य अर्थ असल्यास चिठ्ठ्या सादर कराव्यात. हे वाचून अर्जदाराला आनंद झाला, कारण चिठ्ठ्या लिहिणे एवढेच त्याला येते. त्याने लिहिले : पाणी. पाठ. नको. सगळे बाहेर जा. समिती खूश झाली. दंतवैद्य म्हणाले की असे ताजे काम त्यांनी बऱ्याच काळात पाहिले नव्हते. त्यावर ‘ओके’ हा बंद झालेला शब्द पुन्हा उघडण्यात आला आणि एक शब्द, एक माणूस या नियमान्वये तो अर्जदाराच्याच अंगावर घालण्यात आला.

आता अर्जदाराच्या अंगावर दोन शब्द आहेत. शिवाय समितीने असेही ठरवले की, कोणत्याही अर्थाला निदान दोन वेगळ्या माणसांच्या वापराचा पुरावा लागतो. ‘ओके’ म्हणजे पाणी, असे म्हणणारे अर्जदाराचे वडील सोडून दुसरे कोणी आढळत नाही. सबब चिठ्ठ्या नामंजूर, परंतु दुसरा बोलणारा मिळेपर्यंत शब्द खुला. अर्जदार शोध घेत आहे, असे टिपणात लिहिले आहे. अर्जदार शोध घेत नाही. असा दुसरा माणूस कोणाच्याही घरी असू नये.

१०. तरी अर्जदाराची पुढीलप्रमाणे विनंती आहे. ‘सेट’ अर्जदाराकडून काढून दुसऱ्या कोणास द्यावा. ते शक्य नसल्यास चिठ्ठ्यांची पेटी घरी नेण्याची परवानगी द्यावी. अर्जदार वडिलांच्या उशाशी बसून अर्थ लिहील आणि ते प्रत्येकाला ओके म्हणतील. पेटी इमारतीबाहेर नेता येत नसल्यास वडिलांना इमारतीत आणण्याची परवानगी द्यावी. येथील जिना रुंद आहे, त्यांची खुर्ची खिडकीजवळ राहील, त्यांचा कोणाला त्रास होणार नाही. समितीच्या बैठकीत बसवल्यास कामकाजास गतीच येईल, कारण आजवर कोणत्याही चिठ्ठीला त्यांच्याइतक्या झटपट मंजुरी कोणी दिलेली नाही. तेही नियमात बसत नसल्यास ‘सेट’ हा शब्द कोशातूनच गाळावा. वाचक काहीतरी मार्ग काढतील. ‘पाणी’ नव्हते तेव्हाही ते तहानेने मेले नाहीत. तेही नको असल्यास अर्जदाराला नोकरीवरून काढून टाकावे. वडिलांचे औषधपाणी याच नोकरीवर चालते म्हणून अर्जदार स्वतः राजीनामा देण्यास कचरतो, आणि अंगावर शब्द असलेल्याचा राजीनामा स्वीकारला जात नाही असेही कळते. पण काढून टाकण्यास तरी खुर्ची उलटी असावी लागते का, हे नियमावलीत स्पष्ट दिसत नाही. कृपया स्पष्ट करावे.

इथवर मजकूर झाला असता अर्जदारास खाली फोनवर बोलावण्यात आले. म्हणून पुढील परिच्छेदास क्रमांक दिलेला नाही.

फोन काकूंचा होता. डॉक्टरांनी आईची तारीख अलीकडे आणली आणि तिला आज सकाळीच शस्त्रक्रियेसाठी घरून नेले. जाताना ती काकूंना शक्य तेवढे सांगून गेली, पण दारात स्ट्रेचर आल्यावर तिला दम लागला आणि सांगणे अर्धे राहिले. वडिलांनी ती जाताना पाहिली. काकूंनी फोन त्यांच्या कानाशी धरला. अर्जदाराने विचारले, बाबा, पाणी हवंय का? ओके. पाठ दुखतेय? ओके. आई येईल हं लवकर. ओके. यांतला एकही अर्जदाराला ओळखता आला नाही, कारण फोनवर सगळे सारखेच ऐकू येतात.  आणि मग ते न विचारताच पुन्हा एकदा म्हणाले, आणि हा मात्र फोनवरही वेगळा ऐकू आला. तो लांबवलेला नव्हता, तुटका नव्हता, नाकातला नव्हता. आईने शिकवलेल्यांपैकी तो नव्हताच. अर्जदाराने तो जन्मात कधी ऐकला नव्हता. मागून काकूंचा आवाज आला, “बघ, मजेत आहेत हो. ओके म्हणाले.”

त्याचा अर्थ सांगू शकेल अशी व्यक्ती या घटकेला भुलीखाली आहे. शुद्धीवर आल्यावर ती सगळ्यात आधी विचारेल, हे काय म्हणत होते? तिला ‘ओके म्हणाले’ असे उत्तर देण्याची अर्जदाराची तयारी नाही. सबब, अर्जदार हा अर्ज आपल्या टेबलावर ठेवून, निर्णयाची वाट न पाहता, मिळेल त्या गाडीने निघत आहे.

यापुढे आज्ञाधारक म्हणवून घेता येणार नाही, तरी आपला नम्र,

(सही)
सहायक

दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी.

सोबत : १) आईच्या डॉक्टरांचे पत्र.
२) दोन्ही शब्दांच्या कपाटांच्या किल्ल्या.